आढ्याजवळचं तडकलेलं कौल

बाळांनो, आपल्या कर्जतच्या घरावरचे नवे पत्रे तुम्ही फोटोत पाहिलेत. कौलं का काढली, ते मात्र मी कोणाला खरं सांगितलेलं नाही.

दर वैशाखात कळंबचे एक काका कौलं शाकारायला, म्हणजे फुटकी बदलून नीट बसवायला येत. गेल्या पावसाळ्यात बाहेरची खोली गळू लागली. पाणी पडे तिथे मी फरशीवर खडूने खुणा केल्या, आणि उघडीप मिळताच काकांना बोलावून बरोबर खुणांवरचीच कौलं बदलायला सांगितली.

"बाई, पानी कौलाखालच्या लाकडी रिपेवरनं सरकत येतंय. फट वर, आढ्यापाशी हाय."

"खुणा दिसतायत ना? तेवढंच करा."

त्यांनी तेवढंच केलं. घर गळतच राहिलं. काकांना आता दिसत नाही, असं मी चार घरी सांगितलं आणि पावसानंतर पत्रे घातले. कौलं उतरवली तेव्हा आढ्यापाशी एकच तडकलेलं निघालं.

यंदा वैशाखात काका आले आणि अंगणातून वर बघत राहिले.

"बरं केलंत बाई. माझं डोलं गेलं म्हंतात. आता कोन बोलवत नाय."

मी त्यांना चहा दिला. त्या कौलाचं काही बोलले नाही. तुम्हाला लिहिण्याआधी हे त्यांना सांगायला हवं होतं.