कुसुममावशी आणि चहाडखोर तळं

कुसुममावशी परब वास घेतल्याशिवाय पाणी पीत नसत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा पेला आधी नाकाशी, मग उजेडात, आणि मग त्या वधूपित्याकडे अशा बघत की त्या बिचाऱ्याला घाम फुटे. शाळेत शास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या, नाक मात्र शेवटपर्यंत नोकरीत होतं. नायगावच्या आमच्या चाळीत सगळ्यांना त्यांची धास्ती होती, आणि त्यांच्यावाचून कुणाचं पानही हलत नसे.

चाळीमागे लहानसं तळं आहे. घरोघरचे गणपती तिथेच विसर्जित होतात. चाळींचा पुनर्विकास निघाला आणि तळ्याच्या काठावर कचऱ्याचे ट्रक रिकामे होऊ लागले. मंडळाचा अध्यक्ष बाळा हा मावशींचाच विद्यार्थी. ट्रक पाठवणारा कंत्राटदार गणपतीचा मांडव फुकट घालून देई, म्हणून त्याने डोळ्यांवर कातडं ओढलं होतं. पावसाळ्यात तळ्याला फेस आला, मासे उलटे तरंगू लागले. बाळाचं म्हणणं, ढीग काठावर आहे, पाण्यात थोडाच आहे!

मावशींनी मंडळाच्या भर सभेत चहाच्या गाळणीत कोलंबीची सालं आणि कुजलेली देठं भरली, वरून पाणी ओतलं आणि खाली उतरलेला तपकिरी अर्क कपबशीतून बाळापुढे ठेवला. "घे. कचरो गाळणीत आसा, कपात थोडोच आसा?" सभा हसून आडवी झाली. ट्रक मात्र येतच राहिले.

"पाणी भारी चहाडखोर," मावशी म्हणत. "कोणी काय टाकल्यान, सगळा सांगता."

दीड दिवसाचे गणपती गेले. विसर्जनानंतर रिकाम्या पाटावर तळ्याकाठची चिमूटभर वाळू आणायची आणि घराच्या कोपऱ्यांत टाकायची, ही आमची रीत. बाळाची आई दारात आरती घेऊन उभी होती. बाळाने आणलेल्या पाटावरची वाळू पांढरीशुभ्र. मावशींनी वाकून वास घेतला आणि शांतपणे म्हणाल्या की ही वाळू बांधकामावरची आहे. म्हातारीने मुलाला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. बाळा दुसऱ्यांदा आला तेव्हा पाटावर काळा, बुळबुळीत चिखल होता आणि अख्ख्या जिन्याने नाकाला पदर लावला होता.

"देवाला ह्यात सोडून इलंस?" आईने एवढंच विचारलं. बाळा तिथेच रडला.

दुसऱ्या सकाळी त्याने स्वतः उभं राहून ढीग ट्रकमध्ये भरायला लावला. मंडळाची पोरं ढोल घेऊन उतरली, आम्ही कचऱ्यापुढे नाचलो. एवढ्यात मावशींनी ड्रायव्हरला विचारलं, हे आता कुठे नेणार? तो म्हणाला, शीवला, खाडीच्या कडेला. मावशींनी पदर खोचला आणि थेट केबिनमध्ये चढल्या.

"मावशी, आपलं तळं सुटलं ना," बाळा गयावया करत म्हणाला.

"आपला सुटला. थंयसर कोळी जाळी टाकतत, ते काय खातले? चढ वर."

बाळा चढला. ढोलवाले कचऱ्यावर चढले. ड्रायव्हरने रडवेल्या आवाजात विचारलं की मग टाकू तरी कुठे, सगळीकडे कुणाचं ना कुणाचं पाणी आहेच.

"कंत्राटदाराच्या दारात," मावशी म्हणाल्या. "तो बाटलीतला पाणी पिता."

आणि ढोल वाजवत ट्रक निघाला.