कान तुटलेले कप

आमच्या पेणच्या घरात एक साधा नियम आहे. कपाला कान असेल तर त्यात चहा आणि कान तुटला असेल तर रंग. पुढच्या पडवीत गणपतीचा कारखाना, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या खोलीत दोन्हीकडचं सामान एकमेकांत मिसळलेलं. कारखाना फार मोठा नाही. नवरा साच्यातून मूर्ती काढतो, घासतो आणि मी रंगवते. डोळ्यांची आखणी माझ्याकडे. ती चालू असताना कुणी हाक मारली तर मी ओ देत नाही, आणि कुणाचा धक्का लागला तर त्याची खैर नाही.

अशा घरात माझी नात रांगायला लागली. लेक रोह्याजवळ अष्टमी गावात राहते. ती आणि जावई दोघंही कंपनीत, दोघांनाही शिफ्ट, त्यामुळे आठवडाभर पोरगी आमच्याकडे आणि सुट्टीला आईबापाकडे. रंगाची सगळी भांडी तोवर जमिनीवरच असायची. आम्ही वाट्या, करवंट्या, फुटके कप वरच्या फळीवर चढवले आणि तिला एकच धडा शिकवला. ती कुठल्याही भांड्याकडे सरकली की मी बोट उगारायचे, डोळे मोठे करायचे आणि म्हणायचे, "छी! हात नाय लावायचा." पोरगी हुशार. थोड्याच दिवसांत वाटी दिसली की ती स्वतःच इवलंसं बोट उगारून "छी" म्हणायला लागली. आळीतल्या प्रत्येकीला बोलावून मी हे कौतुक दाखवलं.

दूध मात्र बाटलीतून, माझ्या मांडीवर. दुपारी मी रंगाचे हात घासूनपुसून भिंतीला टेकून बसायचे. ती एका हाताने बाटली धरायची आणि दुसऱ्या हाताने माझ्या बांगड्या फिरवत राहायची. दिवसभरात तेवढाच काय तो मला निवांतपणा. खरं सांगायचं तर त्या बाटलीची सवय तिच्यापेक्षा मलाच जास्त झाली होती.

मग एके दिवशी लेकीचा फोन आला. "आई, मला कायमची दिवसपाळी मिळाली. पुलाजवळ पाळणाघर बघितलंय, चांगलं हाय. पण त्या बाई म्हणतात, आमच्याकडे बाटली चालत नाय, पोरं कपानेच पितात. डॉक्टरही म्हणाले, आता बाटली सोडवा. तू तिला कपाची सवय लाव, मग मी तिला घेऊन जाते."

"लावते की," म्हटलं, फोन ठेवला आणि नवऱ्यावर उगाचच डाफरले.

बाजारातून दोन कानांचा, झाकणाला चोच असलेला पिवळा कप आणला. त्यात कोमट दूध घातलं आणि तिच्यापुढे धरला. तिने आधी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बोट उगारून म्हणाली, "छी." आम्ही दोघं पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी मात्र हसू आलं नाही. झाकण काढून पाहिलं, वाटी पाहिली, साखर घालून पाहिली. पोरीने ओठ असे घट्ट मिटले की चमचाही आत शिरेना. अर्धं दूध माझ्या साडीवर. माझा पारा चढला की नवरा आतून म्हणायचा, "तुझ्यावरच गेलीय ती." शेवटी बाटली दिली की गटागटा प्यायची, आणि बांगड्या फिरायला लागायच्या.

रोज संध्याकाळी मी लेकीला सांगायचे, "आज पण नाय प्यायली."

"आई, तू हसतेस काय?" एकदा तिने विचारलं.

"मी कशाला हसू?" मी म्हटलं. हसत होतेच. कप जमला नाही तर पोरगी कुठे जाणार होती?

शेवटी लेक म्हणाली, "तिला इकडेच घेऊन ये. माझ्यासमोर बघू." मग मी तिला घेऊन रोह्याची गाडी पकडली. पिशवीत पिवळा कप होता आणि भरलेली बाटलीही तयार होती. निडी स्टेशन गेल्यावर पोरीला जाग आली आणि ती भुकेने कुरकुरायला लागली, पण मी बाटली काढली नाही. म्हटलं, लेकीला बघू दे हिचा हट्ट, म्हणजे तीच म्हणेल, राहू दे आई तुझ्याकडेच.

अष्टमीतलं लेकीचं स्वयंपाकघर लख्ख. लेक फरशीवर बसली, बाटलीतलं दूध पिवळ्या कपात ओतून एक घोट स्वतः प्यायली आणि कप पोरीच्या हातात दिला. पोरीने दोन्ही कान धरले. कप ओठांपर्यंत नेला आणि थांबली. मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं. भूक लागलेली, दुधाचा वास नाकाशी, आणि ती माझ्या बोटाची वाट बघत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिचा हट्ट नव्हताच. भांड्यात असतं ते तोंडाला लावायचं नाही, हे मीच तिला पढवलं होतं आणि ती बिचारी माझा शब्द पाळत होती. लेकीला यातलं काहीच कळलं नव्हतं. मी नुसते डोळे मोठे केले असते तर पोरगी संध्याकाळच्या गाडीने माझ्याबरोबर पेणला आली असती.

मी सरकत तिच्यापाशी गेले. तिच्या हातातल्या कपाला तोंड लावून एक घोट घेतला आणि म्हटलं, "छी नाय गो बाय. दूध हाय. पी."

ती प्यायली. हनुवटीवरून ओघळ आला, फ्रॉक भिजला, ठसका लागला, पण तिने कप काही सोडला नाही. लेक टाळ्या वाजवत होती. मी फडकं शोधायचं निमित्त करून मोरीत गेले आणि डोळे पुसून आले. परतताना पिशवीत बाटली तेवढी होती, तीही रिकामी.

"आता ती भांडी खाली घे," परवा नवरा म्हणाला. "रंग घ्यायला सारखी उठबस करतेस."

"सुट्टीला येईल ना ती," मी म्हटलं. भांडी अजून फळीवरच आहेत. आखणी करताना रंग संपला की उठावं लागतं, गुडघे कुरकुरतात. उठते.