पूर्ण बाह्यांच्या सूटमध्ये बुडी मारता येत नाही

सत्तेचाळिसाव्या वर्षी लोकांना गुडघेदुखी होते, मला ट्रायथलॉन झाली. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, आणि या छळाचे पैसे आपणच भरायचे. स्पर्धा डोंगरातल्या थंड तलावात, म्हणून रबरी वेटसूट हवा. नागपूरच्या मैत्रिणीने दोन पाठवले, एक बिनबाह्यांचा, एक पूर्ण बाह्यांचा. "दोन्ही घालून बघ, एक ठेव." टँकच्या कोमट पाण्यात हे कळत नाही. म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी बोरगाव मेघेहून आम्ही धरणाकडे निघालो. आम्ही म्हणजे मी आणि विवेक, माझा नवरा. तो पाण्यात फक्त पाय बुडवतो आणि काठावरून सल्ले देतो.

धरणाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल. गाडीने पाऊण तास. शेवटचे पाच-सहा किलोमीटर रस्ता आहे असं नकाशाचं म्हणणं. दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर. फाट्यावर तर्रीपोहे, तीस रुपये प्लेट. पोहण्याआधी खाऊ नका. मी खाल्ले, तर्री घशात परत येतानाही तेवढीच तिखट लागते.

आधी बिनबाह्यांचा घातला. खांदे मोकळे, हात लांब जातो, पण काखेतून गार पाणी आत शिरतं. दहा मिनिटांत दात वाजायला लागले. मग पूर्ण बाह्यांचा. हा चढवायला वीस मिनिटं आणि एक नवरा लागतो.

"आत अजून तूच आहेस ना?" विवेक पाठीची चेन ओढत म्हणाला.

पाण्यात मात्र काय ऊब! खांद्यावर रबर ताणतं, पण अंग बुचासारखं तरंगतं. मी मनात हा सूट ठेवूनही टाकला होता.

तेवढ्यात बांधावरून तीन-चार माणसं धावत आली.

"मॅडम, चाला लवकर! तिकडे वाट पाहून राह्यले सारे."

"कशाची?"

"बुडीवाल्या मॅडम नाई का तुमी? तहसीलातून फोनवर सांगतलं होतं, बुडी मारणारी माणसं पाठवतो म्हणून."

रबरी कपड्यातली बाई हौसेनं पाण्यात उतरेल, हे त्यांना सुचणार तरी कसं?

पलीकडच्या घाटावर गोधड्या पडल्या होत्या. त्या धुवायला आलेली सुनीता दोन तासांपूर्वी पाय घसरून पाण्यात गेली होती, वर आली नव्हती. तिला वाचवण्याचा प्रश्न उरला नव्हता. प्रश्न गळाचा होता. तळातून तिला ओढून काढायला एक माणूस दोराला लोखंडी गळ बांधून उभा होता आणि सुनीताच्या आईने तो दोर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"गळ नका लावू माह्या पोरीले. फाटन तिचं अंग." मग तिने मला पाहिलं. "तू बाई हायेस ना वं? तू जाय. तुह्या हातानं आन तिले."

मी बुडीवाली नाही, असं मी दोनदा सांगितलं. तिने ऐकलं नाही. मी उतरले. डोकं खाली घातलं, पाय झाडले आणि फटकन वर आले. तीनदा.

"काऊन वर येऊन राह्यल्या?" काठावरून कुणीतरी ओरडलं.

कारण हे कापड माणसाला बुडू देत नाही. सूट काढायला मी चेनकडे हात नेला, तर गावातले म्हातारे सुदामकाका धिवर, याच पाण्यात जन्मभर मासे धरलेले, चड्डीवर पाण्यात उतरले. "राहू द्या, मॅडम. तुमी बुडत नाई ना? मंग वर राहा अन् दोरी धरा."

त्यांनी दोरीला दगड बांधून तळाला सोडला. वरचं टोक माझ्या हातात. दोरी धरून ते खाली जात, तळ चाचपत, वर येऊन माझ्या खांद्यावर हात टेकून धापा टाकत. मग मी हातभर सरकायची. तासभर हेच. काकांचे ओठ काळेनिळे पडले होते. मला थंडी वाजत नव्हती.

मग ते वर आले, तिला घेऊन. त्यांनी तिला माझ्या हातांत दिलं. मी पाठीवर तरंगत, तिला छातीशी धरून पाय मारत काठाला आले. गळ तसाच कोरडा राहिला.

आईने तिचं तोंड पदराने पुसलं आणि मला विचारलं, "लय गार पडली होती का वं? तिले थंडी सोसत नसे."

"नाही, मावशी."

तिने माझे दोन्ही तळवे हातात घेतले, थोडा वेळ धरून ठेवले. "तुहे हात तं गार हायेत," ती म्हणाली.

आता घरी दोन्ही सूट दोरीवर वाळताहेत. विवेकने विचारलं, "मग, कोणता?"

तुम्ही थंड पाण्यात जाणार असाल, तर पूर्ण बाह्यांचा घ्या. तासभर पाण्यात राहून खात्रीने सांगते. मी मात्र तोच परत पाठवतेय. त्या मुलीला काठापर्यंत कवेत आणलं, आणि मनगटापासून खांद्यापर्यंत मला तिचा स्पर्शही जाणवला नाही.