मी पेशींना जेवू घातलं

डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाला तुम्ही कधी पोटभर जेवू घातलंय का? मी घातलंय. आणि त्यापायी कशी फजिती झाली, ऐका!

मी गोंदियाच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचसामान धुते. तिथं आमची पल्लवी पेशींवर संशोधन करते. आमची म्हणजे मायेनं हो. नात्यानं नाही; ती बिरसी गावची, मी फुलचूरची. काचेच्या बशीत पेशी वाढवते, गुलाबी पाण्यावर पोसते, अन् रोज मला सूक्ष्मदर्शकातून दाखवते. छान लांबट, हातपाय पसरून झोपलेल्या लेकरांसारख्या!

त्या दिवशी तिचे सर नागपूरहून प्रयोग पाहायला येणार होते. पल्लवी त्यांना आणायला स्टेशनवर गेली. मी आपली सहज सूक्ष्मदर्शकात डोकावले... अगं बाई! सगळ्या पेशी गोल! अगदी भिजवलेला साबुदाणा!

मेल्या की काय? सकाळी त्यांची उबेची पेटी पुसताना दार माझ्याकडून जरा जास्तच वेळ उघडं राहिलं होतं. म्हणजे मीच मारल्या! पोरीची वर्षभराची मेहनत!

पण लेकरू मलूल पडलं तर आपण आधी काय करतो? भरवतोच ना? मी हातमोजे चढवले. पल्लवी करते तसंच जुनं पाणी काढलं, ताजं गुलाबी पाणी घातलं, बशी पेटीत ठेवली आणि हात जोडून बसले. काही वेळानं पाहते तर काय, पेशी हळूहळू पाय पसरून राहिल्या! मला रडूच आलं.

तेवढ्यात दोघं आले. पल्लवी वाकली आणि किंचाळलीच.

"मावशी! ह्या पसरल्या कशा? मी तर औषध टाकून गेली होती!"

"मी जेवू घातलं," मी ऐटीत म्हणाले. "मरून राहिल्या होत्या बिचाऱ्या."

"अवो, मेल्या नव्हत्या! गोल व्हावं म्हणूनच तर औषध टाकलं! सरांले तेच दाखवाचं होतं! काऊन हात लावला तुम्ही?"

मी हळूच हातमोजे काढायला लागले.

सर मात्र शांतपणे म्हणाले, "मावशी, पेशीच्या आत बारीक धागे असतात, तंबूच्या दोऱ्या-बांबूंसारखे. औषधानं ते सुटतात, पेशी गोल होते. तुम्ही औषधच काढून टाकलं, धागे परत जुळले." मग त्यांचे डोळे चमकले. "हे आम्ही उद्या मोजणारच होतो. पसरायला किती मिनिटं लागली?"

मिनिटं? अहो सर, मी तर डोळे मिटून देवाला आळवत होते!

पल्लवीनं कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नव्या बशीत पुन्हा औषध टाकलं आणि पेटीच्या दारावर कागद चिकटवला: 'मावशी, यांचं जेवण झालं आहे.'