टाकावरची म्हाळसा

आमच्या घरातला खंडोबा म्हणजे चांदीचा एक टाक, तळहाताहून लहान. पूर्वज घोडदळातून तंजावरला आले तेव्हा तो कमरेला बांधून आणला, असं अप्पा सांगत. जेजुरी मात्र अप्पांनीही पाहिली नव्हती. इकडे सगळी भातशेती, म्हणून चंपाषष्ठीला आमचे रोडगे तांदळाच्या पिठाचे. वांग्याचं भरीत तेवढं अस्सल. शेजारचे तमिळ लोक विचारत, हा तुमचा देव कोण? आम्ही सोपं करून सांगायचो: तुमच्या ऐयनारसारखा, घोड्यावरचा.

चिंचेने घासून घासून टाकावरचं चित्र जवळपास पुसलं गेलं होतं. एकोणीसशे पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. आई वारली, आणि पुढच्या वर्षी टाकाला चीर गेली. भंगलेला देव पूजेत ठेवत नाहीत. त्याच चांदीचा नवा घडवून घ्यायचा, ही रीत. मोतीबिंदूमुळे अप्पांना दिसत नव्हतं, म्हणून काम माझ्याकडे आलं.

मी पापनाशमच्या कचेरीत कारकून होतो. गाडी गाठायच्या घाईत सोनाराकडे शिरलो. त्याने टाक उजेडात धरला.

"घोडा कळतो, सामी. तलवारही. मागे हे काय? गाठोडं?"

रोज गंध लावत होतो त्या देवाकडे मी प्रथमच निरखून पाहिलं. ते काय आहे, मला ठाऊक नव्हतं. अप्पांना विचारून येतो, एवढं म्हणायला हवं होतं.

"झिजलेलं असेल काहीतरी," मी म्हणालो. "मिशा ठसठशीत कर. ऐयनारसारख्या."

ऐयनार त्याच्या परिचयाचा. वेशीवर मातीच्या घोड्यांमध्ये तो त्याने लहानपणापासून पाहिलेला. जुनी चांदी वितळवून त्याने टाक केला, आणि देखणा केला.

चंपाषष्ठीच्या सकाळी अप्पांनी टाकावरून अंगठा फिरवला. ते सगळं असंच ओळखत: तांब्या, करंडा, निरांजन. अंगठा घोड्यावरून देवाच्या पाठीशी गेला आणि तिथेच घुटमळला.

"अरे, म्हाळसा कोठें?"

तेव्हा मला गाठोडं कळलं. देवाची बायको, त्याच्यामागे घोड्यावर बसलेली.

"ती नव्हतीच, अप्पा. देव एकटाच होता."

"नव्हती? जन्मभर हात लावतोंय मी."

"झिजून उंचवटा झाला होता. तुम्हाला ती वाटली असेल."

खरं सांगितलं असतं तर ते ओरडले असते, 'गाढवा, देवाची बायको वितळवून आलास!' आणि जेवताना हसलेही असते. पण बी.ए. झालेल्या मुलाला घरचा देव ओळखता येत नाही, हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

"डोळे गेले, आतां हातही गेला म्हणायचा," ते म्हणाले. भाऊबंद आले, आम्ही तळी उचलली. 'येळकोट' म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

त्यानंतर मात्र ते हाताने काही ओळखेनात. करंडा हातात असून विचारत, "हा करंडाच ना? बघून सांग." ताटातल्या मिठाबद्दलही विचारत. मी सांगत असे.

एके दिवशी म्हणाले, "टाकाशेजारीं एक सुपारी मांड. नव्हती तर नव्हती, आतां बसूं दे. बाईमाणसावांचून घर कसलें?"

मी मांडली. पुढे अप्पा गेले. लग्न झाल्यावर बायकोने विचारलं, "आमच्याकडे म्हाळसा टाकावरच असते, तुमच्याकडे सुपारी कशी?" मी म्हणालो, आमच्या घरची रीत.

परवा माझी मुलगी शेजारणीला ठसक्यात सांगत होती, आमच्याकडे म्हाळसा सुपारीतच, पूर्वज आले तेव्हापासून. शेजारीण गेल्यावर मी तिला बसवून घेतलं आणि सोनारापासून सगळं सांगितलं. ती टाक उलटसुलट बघत राहिली.

"म्हणजे आजोबांचं बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"त्यांना सांगितलंत?"

"नाही," मी म्हणालो.