झाड ठोकून बघणारा

झाडावर चढण्याआधी तो कोयत्याच्या मुठीने बुंध्यावर तीनदा ठोकायचा, कान लावायचा आणि निकाल द्यायचा. भरीव झाड 'टक्' वाजतं, पोकळ 'धप्प'. सव्वीस वर्षांत त्या निकालावर कुणी अपील केलं नव्हतं. वस्तीतले बंगलेवाले त्याला झाडांचा डॉक्टर म्हणत, आणि त्यानेही कधी नाकारलं नाही.

अडचण एवढीच, की गेली दोन वर्षं सगळी झाडं सारखीच वाजू लागली होती. करवतीचं मशीन रोज कानाशी किंचाळत होतं. त्या किंचाळण्याने आपलं काम केलं होतं. बायको अलीकडे फार हळू बोलते, अशी त्याची तक्रार होती. तिला ओळखणाऱ्या कुणालाही ती पटली नसती. कानाच्या डॉक्टरकडे चला, असा तिने धोशा लावला की तो ऐकूच आलं नाही असं दाखवायचा. त्यात आता फारसा अभिनयही लागत नसे. बहिऱ्या माणसाला झाडावर कोण चढवेल? त्यामुळे हे त्याने खाली दोर धरणाऱ्या मेहुण्यालाही सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी एका बाईंच्या छपरावर आलेली फांदी उतरवायची होती. त्याने बुंधा ठोकला, कान लावला, "ठणठणीत आहे" म्हणाला आणि चढला.

तीस फुटांवर त्याच्या बाहीवर तपकिरी भुसा पडलेला दिसला. त्याने अजून काहीच कापलं नव्हतं. डोक्यावरच्या ज्या बेचक्यातून दोर घेतला होता, तिथून मुंग्या ओळीने बाहेर येत होत्या. घाई नव्हती, घर त्यांचंच होतं.

त्याने खोडावर ठोकलं. काही कळलं नाही. पुन्हा ठोकलं. मग सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने खाली बघून हात कानाला लावला: तुला काय ऐकू येतं?

मेहुण्याने मान वर केली. दोन बोटांचं गोल कडं करून दाखवलं. त्यांच्या खुणांमध्ये त्याचा अर्थ एकच होता. पोकळ.

मशीन त्याने पट्ट्याला लटकवलेलं तसंच ठेवलं. श्वास घेताना झाड हलतं असं त्याला वाटू लागलं, म्हणून श्वासही हप्त्याहप्त्याने घेतला. पाय कापत होते, खोड कापत होतं, नक्की कुणामुळे कोण, ते ठरवायला तो थांबला नाही. एकेक वीत उतरताना त्याला बायकोचा आवाज आठवला. अगदी मोठा, पूर्वीसारखा.

पाय जमिनीला लागले तेव्हा तो सरळ मातीतच बसला. बाईंनी इतक्यात कसं झालं, विचारलं. झाडाला हात लावू नका, पाळणावाली क्रेन मागवा, छपराखाली कुणी झोपू नका, एवढं मेहुण्यानेच त्यांना सांगितलं.

मग मेहुणा त्याच्याजवळ उकिडवा बसला आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "भाऊजी, तुम्ही चढण्याआधी ठोकलंत ना, तेव्हापण तसंच वाजलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही ठणठणीत म्हणालात. मला वाटलं, माझेच कान गेले."

त्याने मग कोयता उलटा धरून मूठ मेहुण्याकडे केली.

आता बुंधा मेहुणा ठोकतो. तो समोर उभा राहतो, आणि झाडाकडे न बघता मेहुण्याच्या चेहऱ्याकडे बघतो.