साडेचार तासांचा दोरा

तिकिटांच्या दुकानात बसणाऱ्या त्या माणसाला सगळे तासमास्तर म्हणत. तीस वर्षं एकाच खुर्चीत बसून तो लोकांना दूरदूर धाडत होता, आणि स्वतः एकदाही विमानात बसला नव्हता. साधी लिफ्टही तो टाळायचा, जिन्याने चढायचा. भिंतीवरच्या नकाशावर तो दोन शहरांमध्ये काळा दोरा ताणायचा, पट्टीवर मोजायचा आणि तिकिटाच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहायचा: इतके किलोमीटर, इतके तास.

"घड्याळांची वजाबाकी करू नका," हे त्याचं पालुपद. "सुटायची वेळ इथल्या घड्याळाची, पोचायची तिथल्या. मी लिहिलेत तेवढेच तास खरे."

त्या दिवशी त्याची मुलगी पाच महिन्यांच्या लेकीला घेऊन नवऱ्याकडे निघाली होती. तिकीट जावयाने तिकडूनच काढून पाठवलेलं. म्हणजे पाकीट नाही, पेन्सिलीचा आकडा नाही. सुटणार दहाला, पोचणार साडेबाराला, एवढंच मास्तरने वाचलं. त्याहून जास्त वेळ त्या कागदाकडे त्याला बघवलं नाही.

साडेबारा वाजले. एक वाजला. फोन नाही.

घरून बायकोचा आला. "अहो, उतरली का?"

"उतरली असेल. पोर रडत असेल, तिला कुठली फुरसत!" आवाज आपलाच आहे हे त्याला पटेना. समोर गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं; त्याचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. तळहाताचा घाम टेबलाच्या काचेवर उमटला.

पावणेदोनला दुकानाच्या मालकीणबाई जेवून आल्या. "मास्तर, भूत बघितलंत की काय?"

"लेकीचं विमान, बाई. अडीच तासांचा प्रवास, आणि वर सव्वा तास उलटून गेला."

"तिकडे अडीच तासांत? विमान आहे की बंदुकीची गोळी?"

मास्तरने दोरा ताणला. दोनदा तो निसटला. तीन हजार दोनशे किलोमीटर. साडेचार तास. तिथलं घड्याळ दोन तास मागे.

बाई पोट धरून हसल्या. "तीस वर्षं लोकांचं डोकं खाल्लंत त्या वजाबाकीवरून!"

तोही हसायला गेला, आणि मध्येच थांबला. आतापर्यंत जे काही वाईट व्हायचं ते त्याच्या मनात होऊन गेलं होतं. आता कळलं, काहीच झालेलं नाही. त्या दोघी अजून वरच आहेत. अजून पाऊण तास. काहीही होऊ शकतं.

त्याने दोऱ्यावर बोट ठेवलं, ती असेल तिथे. घड्याळाचा काटा सरकला की बोट केसभर सरकवायचं. गिऱ्हाइकं बाईंनी सांभाळली. अडीचला बोट त्या शहराच्या ठिपक्यावर पोचलं. फोन गप्पच. दोन चाळीस. पावणेतीन.

मग वाजला.

"बाबा, उतरलो! हिने शेवटचा तासभर सगळं विमान डोक्यावर घेतलं होतं."

मागे नातीचं रडणं ऐकू येत होतं. त्याला बरंच विचारायचं होतं. "तिथे किती वाजले?" एवढंच आलं.

"पाऊण. का हो?"

"काही नाही. तू घरी पोच आधी. मग उचलतो."

"काय उचलता?"

उजव्या हाताचं बोट अजून ठिपक्यावर दाबलेलं होतं. नख पांढरं पडलं होतं.